अब्बांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन करायचं की नाही? घरच्यांनी मिळून घ्यायचा निर्णय

जुम्याच्या दिवशी मशिदीत नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. साठी ओलांडलेले काही बुजुर्ग पहिली सफ सोडून मागे, दाराजवळ बसतात. खुतबा लांबला की त्यांची चुळबूळ सुरू होते. काही जण नंतर येणंच बंद करतात. विचारलं तर 'गुडघे दुखतात' म्हणतात. खरं कारण लघवीचं असतं, पण ते कुणी बोलत नाही.

आमच्या अब्बांचंही असंच झालं. डोणगावात राहणारा, शेती सांभाळणारा ६८ वर्षांचा माणूस. रात्री चार-पाच वेळा उठायचे. धार बारीक झाली होती. 'उन्हाळी लागली असेल' म्हणून अम्मी धन्याचं पाणी द्यायची, सब्जा द्यायची. मग एका थंडीत सर्दी झाली, दुकानातून सर्दीची गोळी आणून घेतली आणि त्याच रात्री लघवी पूर्ण अडली. पोट तट्ट फुगलं. पहाटे गाडी करून मेहकर गाठलं. नळी घातल्यावर पिशवीभर लघवी निघाली आणि अब्बा लहान मुलासारखे रडले.

त्यानंतर घरात तीन मतं झाली. एका डॉक्टरांनी सांगितलं, 'उद्याच ऑपरेशन करून टाका.' चाचा म्हणाले, 'या वयात चिरफाड नको, माणूस कामातून जातो.' थोरले भाऊ म्हणाले, 'आधी गोळ्या घेऊन बघू.' अब्बा काहीच बोलत नव्हते. त्या दिवसांत आम्ही जे विचारलं, वाचलं आणि समजून घेतलं, ते इथे मांडतो आहोत. आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात हा प्रश्न आहे, आणि लाजेपोटी त्यावर बोलणं होत नाही.

ही गाठ नेमकी काय असते?

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांच्या शरीरात असलेली ग्रंथी आहे. मूत्राशयाच्या, म्हणजे लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी ती असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. तरुणपणी ती साधारण अक्रोडाएवढी, वजनाने २० ग्रॅमच्या आसपास असते. वय वाढतं तशी ती वाढते. पन्नाशीतल्या साधारण निम्म्या पुरुषांमध्ये ही वाढ आढळते, आणि ऐंशीच्या पुढे तर जवळपास सगळ्यांमध्ये. केस पांढरे होण्यासारखंच हे आहे. यात कुणाचा दोष नाही, चारित्र्याचा तर बिलकूल संबंध नाही.

ग्रंथी वाढली की नळी दाबली जाते. पिशवीला जोर लावावा लागतो. मग धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, थांबून थांबून येते, शेवटी थेंब थेंब गळते, पोट मोकळं झाल्यासारखं वाटत नाही. पिशवी चिडचिडी होते, म्हणून घाईची लागते आणि रात्री उठावं लागतं.

दोन गोष्टी पहिल्यांदाच सांगून ठेवतो. एक, ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे आणि तिचा पुढे कॅन्सर होत नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर वेगळा आजार आहे. तो सोबत असू शकतो, म्हणून तपासणी करायची. दुसरी, ग्रंथी किती मोठी आहे यावर त्रास ठरत नाही. कुणाची ३० ग्रॅमची गाठ लघवी अडवते, कुणाची ८० ग्रॅमची गाठ काहीच करत नाही. त्यामुळे सोनोग्राफीच्या कागदावर 'प्रोस्टेट वाढलेली' एवढंच लिहिलेलं पाहून ऑपरेशनला होकार देऊ नका आणि घाबरूही नका.

रात्री उठणं म्हणजे प्रोस्टेटच, असं नाही

ही चूक घरोघरी होते. साखरेच्या आजारात लघवी जास्त बनते आणि पिशवीच्या नसाही कमजोर होतात. पायाला सूज असेल, तर दिवसा पायात साचलेलं पाणी आडवं झाल्यावर लघवीवाटे बाहेर पडतं. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. त्या संध्याकाळी घेतल्या तर रात्रभर उठणं आलंच. झोपताना चहा, जेवणात मीठ जास्त, जोरात घोरणं आणि झोपेत श्वास अडणं, हीसुद्धा कारणं असतात. अशा माणसाचं ऑपरेशन केलं तरी तो रात्री उठतच राहील आणि म्हणेल, पैसे पाण्यात गेले.

यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे. तीन दिवस एक वही ठेवा. किती वाजता लघवी झाली, किती झाली (जुन्या मापाच्या भांड्यात मोजा), काय प्यायलं, हे लिहा. चोवीस तासांतल्या लघवीपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त रात्रीच होत असेल, तर दोष एकट्या प्रोस्टेटचा नाही. ही वही डॉक्टरांसमोर ठेवली की त्यांचं अर्धं काम होतं. अब्बांनी पहिल्या दिवशी वही भिरकावली होती. दुसऱ्या दिवशी नातवाने लिहायचं काम घेतलं, मग जमलं.

सर्दी-खोकल्याच्या गोळ्या आणि सिरपांचंही ध्यानात ठेवा. नाक मोकळं करणाऱ्या आणि झोप आणणाऱ्या बऱ्याच औषधांनी पिशवीचं तोंड आवळतं किंवा पिशवीचा जोर कमी होतो. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाने दुकानदाराला आधी सांगावं, 'मला लघवीचा त्रास आहे,' आणि मगच गोळी घ्यावी. बद्धकोष्ठानेही लघवी अडू शकते.

त्रास किती, ते सात प्रश्नांत मोजा

जगभर डॉक्टर एक साधी प्रश्नावली वापरतात. गेल्या महिन्यात किती वेळा असं झालं, असे सात प्रश्न त्यात असतात: पिशवी पूर्ण रिकामी न झाल्यासारखं वाटणं, दोन तासांच्या आत परत जावं लागणं, धार मध्येच तुटणं, रोखून धरता न येणं, धार बारीक असणं, जोर करावा लागणं आणि रात्री उठणं. प्रत्येकाला ० ते ५ गुण. एकूण ७ पर्यंत गुण आले तर त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० ते ३५ तीव्र.

आठवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे: 'आयुष्यभर असंच राहिलं तर तुम्हाला कसं वाटेल?' याचं उत्तर मुलाने, सुनेने किंवा डॉक्टरांनी द्यायचं नाही. ज्याला त्रास आहे त्यानेच द्यायचं. एखाद्याला रात्री तीनदा उठण्याचं काही वाटत नाही, तहज्जुद होते म्हणतो. दुसऱ्याला दोनदा उठूनही दिवसभर शेतात काम होत नाही. दोघांचा इलाज एकच नसतो.

कोणत्या तपासण्या लागतात?

लघवीची तपासणी, रक्तातली साखर, किडनीसाठी क्रिएटिनिन, पोटाची सोनोग्राफी आणि पीएसए ही रक्ततपासणी. सोनोग्राफी करताना एक गोष्ट मागून घ्या: लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरली, याचं माप. हे 'मागे राहिलेल्या लघवीचं' माप ग्रॅमच्या आकड्यापेक्षा जास्त कामाचं असतं. जमल्यास धारेचा वेग मोजणारी तपासणीही करतात. एका खास भांड्यात लघवी करायची असते, दुखत नाही. सेकंदाला १० मिलीलिटरपेक्षा कमी वेग असेल तर अडथळ्याचा संशय वाढतो.

डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून ग्रंथी चाचपतात. बुजुर्गांना याची फार लाज वाटते. पण अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि ग्रंथी दगडासारखी कडक लागली तर कॅन्सरची शंका तिथेच येते. इलाजासाठी डॉक्टरसमोर सतर उघडण्याची मुभा दीनमध्ये आहे, यावर आपल्या उलेमांमध्ये वाद नाही.

पीएसएबद्दल एवढं ध्यानात ठेवा: लघवी अडल्यावर, नळी घातल्यावर किंवा इन्फेक्शनमध्ये हा आकडा उगाच वाढतो. अशा वेळी काही आठवडे थांबून तपासणी करतात. आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच असं नाही, पण दुर्लक्षही करायचं नाही.

ऑपरेशन टाळू नये अशी कारणं

काही वेळा निवडीचा प्रश्न फारसा उरत नाही. खालीलपैकी काही असेल तर युरॉलॉजिस्ट ऑपरेशनच सुचवतात:

१) लघवी पुन्हा पुन्हा पूर्ण अडणं, किंवा औषध देऊनही नळी काढल्यावर लघवी न होणं.
२) लघवी तुंबल्याने किडनीला सूज येणं, क्रिएटिनिन वाढणं.
३) प्रोस्टेटमुळे पिशवीत खडे होणं.
४) लघवीचं इन्फेक्शन वारंवार होणं.
५) प्रोस्टेटमधून वारंवार रक्त जाणं आणि औषधांनी न थांबणं.

यातला दुसरा मुद्दा सगळ्यात धोक्याचा, कारण तो दुखत नाही. पिशवी हळूहळू ताणत जाते, माणसाला सवय होते. मग एक दिवस झोपेत अंथरूण ओलं होऊ लागतं. घरचे समजतात, म्हातारपण आलं. प्रत्यक्षात पिशवी काठोकाठ भरून वाहत असते आणि किडनी आतल्या आत खराब होत असते. बुजुर्गांचं अंथरूण ओलं होऊ लागलं तर ओरडू नका, चादर बदला आणि त्याच आठवड्यात सोनोग्राफी करा.

जिथे निवड आपल्या हातात असते

वरचं काही नसेल, तर तीन रस्ते असतात: लक्ष ठेवून थांबणं, गोळ्या, किंवा ऑपरेशन.

थांबणं म्हणजे काही न करणं नव्हे. झोपण्याआधी दोन-तीन तास पाणी-चहा कमी करायचा (दिवसभराचं पाणी तोडायचं नाही), बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, लघवी झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, वर्षातून एकदा तपासणी करायची. सौम्य त्रासाला बहुतेक वेळा एवढं पुरतं.

अमेरिकेत १९९५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यम त्रास असलेल्या ५५६ पुरुषांपैकी निम्म्यांचं ऑपरेशन केलं, निम्म्यांना लक्ष ठेवून थांबवलं. ३ वर्षांत थांबलेल्यांपैकी सुमारे २४ टक्के लोकांचं नंतर ऑपरेशन झालं. म्हणजे चारातल्या तिघांचं झालं नाही. पण ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांना आराम जास्त मिळाला, आणि ज्यांना सुरुवातीला त्रासाची खंत जास्त होती त्यांना सगळ्यात जास्त. 'उद्याच करा' आणि 'कधीच करू नका', दोन्ही टोकाची मतं का चुकतात, ते यावरून समजतं.

गोळ्या: दोन जाती, दोन कामं

पहिली जात पिशवीच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करते. टॅम्सुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन ही नावं चिठ्ठीवर दिसतील. काही दिवसांत फरक पडतो. उठल्याबरोबर चक्कर येऊ शकते, म्हणून पहाटे वजूला उठताना आधी पलंगावर बसावं, मग उभं राहावं. संबंधाच्या वेळी वीर्य कमी येतं किंवा येत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी चालू आहे हे सांगायलाच हवं, नाहीतर ऑपरेशनमध्ये अडचण येते.

दुसरी जात ग्रंथी लहान करते: फिनास्टराइड, ड्युटास्टराइड. ही मोठ्या ग्रंथीसाठी असते आणि परिणाम दिसायला सहा महिने लागतात. महिन्याभरात 'फरक नाही' म्हणून सोडली तर फुकट. मोठ्या ग्रंथीच्या पुरुषांवर चार वर्षं चाललेल्या अभ्यासात फिनास्टराइडने लघवी अडण्याचं आणि ऑपरेशनचं प्रमाण निम्म्याहून खाली आणलं होतं. काहींची इच्छा कमी होते, ताठरता कमी होते. ही गोळी पीएसएचा आकडा साधारण निम्मा करते, म्हणून तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगा. गरोदर सून किंवा मुलीने फुटलेली गोळी हाताळू नये.

हकिमी किंवा देशी दवा घ्यायची असेल तर लपवू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि तीन-तीन महिन्यांनी क्रिएटिनिन करत राहा. जडीबुटी म्हणून देतात त्या पुडीत काय असतं, ते पुडी देणाऱ्यालाही नेहमी ठाऊक नसतं.

ऑपरेशन म्हणजे नेमकं काय?

पूर्वी पोटावर चीर देऊन गाठ काढायचे. या पद्धतीसाठी नाव झालेले सर्जन पीटर फ्रेयर मूळचे आयर्लंडचे. आपल्याच देशात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये त्यांनी बरीच वर्षं काढली आणि १९०० साली लंडनमध्ये अशी ऑपरेशनं सुरू केली. फार मोठ्या गाठीसाठी चिरेचं ऑपरेशन आजही होतं, पण क्वचित.

आज बहुतेक वेळा टीयूआरपी करतात. कमरेत सुई देऊन खालचा भाग बधिर करतात. लघवीच्या रस्त्यातूनच दुर्बीण आत घालतात आणि नळीला दाबणारा भाग खरवडून काढतात. बाहेर कुठेही चीर नाही, टाका नाही. तास-दीड तासाचं काम. नंतर एक ते तीन दिवस नळी असते आणि पाण्याने पिशवी धुत राहतात. तीन-चार दिवसांत घरी सोडतात.

लेझरनेही हेच काम होतं. रक्त कमी जातं, मोठ्या गाठीला आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांना त्याचा फायदा असतो. पण मध्यम गाठीसाठी लघवीच्या आरामात टीयूआरपी मागे नाही. 'लेझर नाही म्हणजे जुनाट इलाज' असं कुणी सांगितलं म्हणून शेत गहाण टाकू नका. यंत्रापेक्षा ते चालवणारा हात किती सरावलेला आहे, हे विचारा.

काय मिळतं, काय जातं

धार मोकळी होते, नळी सुटते, पिशवी रिकामी होते. बहुतेकांना चांगला आराम पडतो. घाईची लागणं आणि रात्री उठणं मात्र हळूहळू कमी होतं, आणि काहींचं पूर्ण जात नाही. वर्षानुवर्षं ताणलेली पिशवी एका दिवसात शहाणी होत नाही.

आता ती गोष्ट जी कुणी विचारत नाही. टीयूआरपीनंतर साधारण तीनातल्या दोघांचं वीर्य बाहेर न येता मागे पिशवीत जातं आणि लघवीवाटे निघतं. आनंद राहतो, तब्येतीला धोका नसतो, पण मूल होण्याची शक्यता फार कमी होते. ताठरतेवर परिणाम बराच कमी लोकांत होतो. 'माणूस कामातून जातो' हे चाचांचं वाक्य म्हणजे अर्धवट ऐकलेली हीच गोष्ट होती. नवरा-बायकोने दोघांनी मिळून हे डॉक्टरांना विचारावं. अम्मींना बाहेर बसवून हा निर्णय घेणं बरोबर नाही.

बाकीचे धोके: रक्त जाणं, इन्फेक्शन, पुढे रस्ता आकसणं, आणि क्वचित, शंभरात एखाद्याला, लघवीवरचा ताबा कायमचा सुटणं. काही वर्षांनी गाठ पुन्हा वाढून थोड्या लोकांना दुसऱ्यांदा ऑपरेशन लागतं. आणि ग्रंथीचा बाहेरचा भाग शिल्लक राहतो, म्हणून कॅन्सरची तपासणी नंतरही चालू ठेवायची.

हृदयात स्टेंट असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयाचे डॉक्टर आणि युरॉलॉजिस्ट दोघांचा मशवरा घ्या. साखर ताब्यात नसेल तर आधी ती आणा.

तहारत, नमाज, रोजा

आमच्या अब्बांना सगळ्यात मोठी काळजी हीच होती. थेंब गळतो, कपडे पाक राहत नाहीत, मग नमाज होते का? याच विचारात त्यांनी जमातीने नमाज सोडली होती.

हनफी मसलकात यासाठी 'माजूर'चा मसला आहे. नमाजच्या एका पूर्ण वक्तात वजू करून फर्ज पढण्याएवढी मोकळी वेळही गळणं थांबत नसेल, तर तो माणूस माजूर ठरतो. पुढे प्रत्येक वक्तात एकदा तरी ते होत असेल तोवर तो माजूरच राहतो. त्याने दर वक्ताला नवं वजू करावं; त्या गळण्याने वजू तुटत नाही आणि नमाज होते. नळी लावलेल्या माणसालाही हीच सवलत लागू पडते. कधीतरीच गळत असेल तर हुकूम वेगळा आहे. शाफई घरांत तपशील थोडा वेगळा. म्हणून आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना किंवा मुफ्तींना आपली हालत स्पष्ट सांगून विचारा. लाजून नमाज सोडण्यापेक्षा विचारणं बरं. इमामसाहेबांनाही विनंती आहे, जुम्याच्या बयानात एकदा हा मसला सांगा. ऐकणारे बरेच निघतील.

रमजानमध्ये बहुतेकांची गोळी दिवसातून एकदाच असते, ती इफ्तारनंतर जेवून घेता येते. वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. इफ्तार ते सहरी पाणी वाटून प्यावं, एकदम नाही. ऑपरेशन निवडीचं असेल तर रमजानच्या आधी दोन महिने किंवा ईदनंतर ठेवलं तर बरं. किडनीला धोका असेल तर मात्र तारीख पुढे ढकलू नका. आजाऱ्याला रोजाची रुखसत आहे. हज-उमऱ्याला जायचं असेल तर निघण्याच्या बऱ्याच आधी तपासणी करून घ्या. मीनाच्या गर्दीत लघवी अडली तर काय हाल होतील, याची कल्पना करा.

इस्तिखारा जरूर करा. पण त्याआधी मशवरा, आणि मशवऱ्याआधी तपासणी. रिपोर्ट हातात असतील तर मशवरा देणाऱ्यालाही नीट बोलता येतं.

पैसा आणि ठिकाण

डोणगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर-बीपीची तपासणी आणि पुढची चिठ्ठी मिळते. युरॉलॉजिस्टसाठी अकोला, बुलढाणा किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. डोणगावहून मालेगाव-पातूर रस्त्याने अकोला सोयीचं पडतं, तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय आहे. कुठेही निघण्याआधी फोन करून युरॉलॉजिस्ट कोणत्या दिवशी बसतात ते विचारा. लघवीच्या माणसाला घेऊन फुकटची खेप फार महागात पडते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत टीयूआरपीचा समावेश आहे. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आता ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेसोबत चालते आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड कोणत्याही रंगाचं असो, महाराष्ट्रातलं कुटुंब यात बसतं. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या दवाखान्यात 'आरोग्यमित्र' कुठे बसतो ते विचारा. मंजुरी आधी, ऑपरेशन नंतर, हा क्रम मोडू नका. चौकशीसाठी १५५३८८ किंवा १८००२३३२२०० हे मोफत क्रमांक आहेत. ७० वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं आहे. त्यात उत्पन्नाची अट नाही.

एक सावधानी: आधारवर आणि रेशनकार्डवर नावाचं स्पेलिंग वेगळं असणं ही आपल्या घरांची जुनी दुखणी आहे. शेख, शेक, खाँ, खान. आजारपणाच्या आधीच ते दुरुस्त करून ठेवा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

कागदावर लिहून न्या. ऑपरेशनचं कारण नेमकं काय? सहा महिने गोळ्या घेतल्या तर काय धोका? लघवी झाल्यावर पिशवीत किती उरते? किडनी कशी आहे? कॅन्सरची शंका आहे का? साखरेमुळे पिशवीच कमजोर झालेली नाही ना? कोणत्या पद्धतीने करणार, आणि तुम्ही अशी किती केली आहेत? संबंधावर काय परिणाम होईल? योजनेत बसेल का? डॉक्टर या प्रश्नांना रागावले तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. लघवी नळीने मोकळी झालेली असेल तर दोन-चार दिवस विचार करायला वेळ असतो.

ऑपरेशननंतर

चार ते सहा आठवडे जड उचलणं, मोटारसायकल, ट्रॅक्टर बंद. पोत्याला हात लावायचा नाही. पाणी भरपूर, पोट साफ. दहा-बारा दिवसांनी आतली खपली पडून लघवी पुन्हा लाल होऊ शकते. पाणी वाढवलं की बहुधा थांबते. पण गुठळ्या आल्या, लघवी अडली किंवा हुडहुडी भरून ताप आला तर रात्र काढू नका, लगेच निघा. सुरुवातीला थोडं गळतं. श्रोणीचे स्नायू आवळण्याचा व्यायाम, म्हणजे लघवी मध्येच रोखताना जे आवळतो तेच स्नायू आवळून सोडणं, दिवसातून तीन-चार वेळा केला की फरक पडतो.

आमच्या घरी काय ठरलं

पहिल्या वेळी आम्ही ऑपरेशन केलं नाही. सर्दीच्या गोळीने अडलेलं होतं, किडनी चांगली होती, पिशवीत उरणारी लघवी फार नव्हती. गोळी सुरू झाली, तीन दिवसांनी नळी काढली आणि लघवी झाली. तो निर्णय बरोबरच होता असं आम्हाला आजही वाटतं. अकरा महिने ठीक गेले.

मग काही कारण नसताना पुन्हा अडली. या वेळी सोनोग्राफीत पिशवीत खडा दिसला. आता वरच्या यादीतली दोन कारणं झाली होती. चाचांनाही कागद दाखवला, समजावलं. अब्बा पहिल्यांदा स्वतः बोलले: 'नळी घेऊन मशिदीत जायची मला लाज वाटते. करून टाका.' योजनेतून झालं. घरून गेला तो जाण्या-येण्याचा, खाण्याचा आणि दोन माणसांच्या मजुरीचा खर्च.

आज अब्बा रात्री दोनदा उठतात. पूर्ण थांबलेलं नाही, आणि डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं. पण पुढच्या रमजानमध्ये त्यांनी तरावीह पूर्ण पढली, अलहमदुलिल्लाह. आणि मशिदीत आता कुणी बुजुर्ग दाराजवळ बसलेला दिसला की अब्बा नमाजनंतर त्याच्याजवळ जाऊन बसतात आणि हळूच विचारतात, 'रात्री किती वेळा उठता?'

तुमच्या घरातल्या बुजुर्गांनाही आज हे विचारा. ते स्वतःहून सांगणार नाहीत.